बेरीज बरोबर होती

अकरा वर्षांत माझ्या हातून एकही बेरीज चुकली नाही. ही बढाई नाही, मोजमाप आहे. मी रसायनशास्त्राची पदवीधर. प्रयोगशाळेत आम्हाला शिकवलं होतं, वाचन तीनदा घ्यायचं आणि तिन्ही जुळली तरच वहीत उतरवायचं. बारामतीला हिंदुराव साहेबांच्या आयकर सल्ल्याच्या कचेरीत मी तेच केलं. बेरीज एकदा वरून खाली, एकदा खालून वर आणि चहा पिऊन झाल्यावर पुन्हा एकदा! गिऱ्हाइकं म्हणायची, "सारजाताईंचा आकडा म्हंजी दगडावरची रेघ!"

तेव्हा जोतीराम तात्यांना मी जितेपणी मारलं असं जे इंदापूर तालुक्यात अजून सांगतात, त्यात माझीही बाजू ऐकून घ्या.

सगळं बिघडलं ते अठ्ठ्याण्णव साली. त्याआधी विवरणपत्र म्हणजे विवरणपत्र होतं. चांगलं जाडजूड, पानामागून पान! मध्ये दोन कार्बन घालून असं दाबून लिहायचं की तिसऱ्या प्रतीवरही वेलांटी उमटली पाहिजे. उन्हाळ्यात घामानं कार्बन मनगटाला चिकटायचा आणि संध्याकाळी मी कोळशाच्या वखारीतून सुटल्यासारखी दिसायचे. पण अक्षर मोत्यासारखं! साहेबांच्या वडिलांच्या काळी दौत आणि टाक होता, मग माझा कार्बन आला. मध्ये हातानं फिरवायचं बेरजेचं यंत्रही आलं होतं. त्याला मी तीनदा हरवलं, तेव्हा साहेबांनी ते माळ्यावर टाकलं.

मग संगणक आला आणि त्याच्या मागोमाग दोन संकटं आली. एक म्हणजे सरकारनं ते सगळं जाडजूड प्रकरण एका पानावर आणलं आणि त्या नव्या फॉर्मचं नाव ठेवलं 'सरल'. दुसरं म्हणजे लासुर्ण्याची संजीवनी.

त्या फॉर्मचं नाव मी कधी तोंडी आणलं नाही. 'तो एकपानी' म्हणायचे. अकरा वर्षांची विद्या आणि एका पानात? कुळीथ आहे का हा, मुठीत मावायला!

संजीवनीनं पुण्यात सहा महिन्यांचा कोर्स केला होता. वय तेवीस. साहेबांनी इंदापूरला नवी शाखा काढली, तिथं संगणक ठेवला आणि त्याच्यासमोर हिला. आता माझं घर कुठं? इंदापुरात! त्या शाखेपासून पाच मिनिटांवर! मी अकरा वर्षं इंदापूरहून एसटीनं बारामती गाठत होते आणि ही लासुर्ण्याहून एसटीनं इंदापूर गाठू लागली. रोज सकाळी निमगावच्या अलीकडं आमच्या एसट्या एकमेकींना ओलांडायच्या. ती खिडकीतून हात करायची. मी चष्मा पुसायचे.

हा मत्सर नव्हता. तुलनात्मक निरीक्षण होतं.

उदाहरणार्थ, एसी. संगणकाला एसी! काचेची खोली, निळा पडदा, चपला बाहेर!

"मशीनला उकाडा सोसत न्हाय, बाई," साहेब म्हणाले.

"आणि मला सोसतो होय?"

"तुमी काय, मुरलेल्या हाय."

म्हणजे मी लोणचं!

शाखेच्या दारावर पाटी लागली. खाली 'शाखाप्रमुख :' असं लिहून पुढं जागा मोकळी. साहेब म्हणाले, "ऑगस्टअखेर दोघींचं काम बघू, मग नाव टाकू. तात्या म्हणतील तसं." मी एका रविवारी पट्टी घेऊन जाऊन ती जागा मोजून आले. 'सारजा' बरोबर बसत होतं. तीन अक्षरं, दोन्ही बाजूंना बोटभर हवा.

हे तात्या म्हणजे कळसचे जोतीराम तात्या. त्यांचे वडील मेंढरांमागं रान तुडवायचे. तात्यांचं इंदापुरात सिमेंट आणि पाइपांचं दुकान. शाखेचा गाळा त्यांचा, आमचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक तेच, आणि साहेब त्यांच्या शब्दाबाहेर नाहीत. शिवाय तात्या माझे होते! दरवर्षी ऑगस्टात घोंगडी खांद्यावर टाकून बारामतीला यायचे, कागद माझ्या टेबलावर ठेवायचे आणि कागदांशेजारी पेरूंची पाटी. यंदा कागद गेले इंदापूरला. पेरूही! वर संजीवनीनं साहेबांबरोबर मला दोन पाठवले. "ताईंना सांगा, गोड हायेत." मी ते खाल्ले नाहीत. म्हणजे एकच खाल्ला. गोड होता.

फाइल जाण्याआधी मी एक केलं होतं. तात्यांचे आकडे उतरवून घेतले आणि त्यांचा एकपानी हातानं, तीन प्रतींत भरून पर्समध्ये ठेवला. संगणक कुठंतरी चुकेलच, तेव्हा हा बाहेर काढायचा! आठ दिवस मी त्या चुकीची वाट पाहत होते.

एकोणतीस ऑगस्टला सकाळी अकराला फोन वाजला. मुदत संपायला दोन दिवस. लाइनीत कढईत मोहरी तडतडावी तशी खरखर. पलीकडं संजीवनी.

"ताई, जोतीराम तात्यांचं सरल... झालं एकदाचं!"

आता तुम्हीच सांगा. 'सरल' आणि 'सरलं' यात फरक एका टिंबाचा! आणि लासुर्ण्याच्या माणसाच्या बोलण्यात टिंबं कुठं पडतील, ते देवालाही ठाऊक नाही. मला ऐकू आलं ते 'सरलं'. म्हणजे तात्या गेले!

"कधी?"

"आत्ता, साडेधाला. कालपासनं अडकलं होतं. लै तरास दिला! शेवटी एका झटक्यात भायेर आलं."

प्राण. दुसरं काय येणार बाहेर?

"आता... कुठं आहे?"

"एसीत ठिवलंय. साहेबांना म्हणावं, चारच्या आत येऊन उचला. उशीर नको."

"घरच्यांना कळवलंस?"

"घरच्यांना कशाला? त्येंचं काय काम हाय ह्यात?"

काय ही आजकालची पोरं! इथं मी एकच प्रश्न विचारायला हवा होता. "पुन्हा सांग, काय म्हणालीस?" तीन वाचनं घेणारी बाई मी! पण तिला 'मला ऐकू आलं नाही' म्हणायचं? तिला? मी फोन ठेवला.

डोळ्यांत पाणी आलं, ते खरं. पण विज्ञानाची विद्यार्थिनी आहे, खोटं सांगणार नाही. पाण्याबरोबर एक विचारही आला, की उघड्या माळावर वाढलेला माणूस, सहीला बोलावून त्याला एसीत बसवलं! काय होणार दुसरं? माझ्या टेबलाशी अकरा वर्षं बसला, साधी शिंकसुद्धा आली नाही!

साहेबांना सांगितलं. ते ढसाढसा रडले. "बाई, पोरकं केलं ओ तात्यांनी! शटर वढा! फळ्यावर लिवा!"

मी बाहेरच्या फळ्यावर लिहिलं, 'आमचे आधारस्तंभ जोतीराम तात्या यांचे दुःखद निधन. कार्यालय आज बंद.' काय सुरेख लिहिलं! 'दुःखद'चा विसर्गसुद्धा गोल. कागद घेऊन आलेल्या आबासाहेबांनी ते वाचलं, कपाळावर हात मारला आणि समोरच्या फोनच्या बूथमध्ये शिरले. कळसच्या निम्म्या गावात त्यांचे पाहुणे.

आम्ही जीप केली. साहेब पुढं, मांडीवर झेंडूचा हा एवढा हार. मी मागं. भवानीनगर गेलं, लासुर्णे गेलं. लासुर्ण्याकडं मी पाहिलंही नाही. मग वाटलं, दुःख आहे, पण मुदतही आहे. मयत माणसाचं विवरणपत्र वारसाला भरावं लागतं. ते त्या पोरीला थोडंच माहीत असणार? कोर्समध्ये मरण शिकवतात का? मी पर्स उघडली. जीप उडत होती, पण माझा हात हलला नाही. नावाआधी 'कै.' लिहिलं. खाली 'तर्फे कायदेशीर वारस, पत्नी बानूबाई'. तिन्ही प्रतींवर. बेरीज पुन्हा एकदा तपासली. बरोबर.

इंदापूरला पोचलो. गाळ्यापुढं शुकशुकाट. आम्ही चपला काढल्या. मयताच्या ठिकाणी काढतातच, आणि इथं संगणकासाठीही. काचेच्या दारातून आत पाहिलं. खुर्चीत तात्या, डोक्यापासून पायापर्यंत घोंगडीनं झाकलेले!

"झाकलंय बगा पोरीनं," साहेब हुंदका देत म्हणाले. आत शिरून त्यांनी हार घोंगडीवर घातला आणि पायांना मिठी मारली.

घोंगडी हलली. आतून आवाज आला, "ए पोरी, बंद कर की त्यो एसी! हुडहुडी भरली!"

साहेब जे मागं उडाले ते थेट प्रिंटरवर! प्रिंटर कडबाकुट्टीसारखा कर्रर्र करत सुरू झाला. तात्यांनी घोंगडीतून डोकं काढलं, गळ्यातला हार पाहिला आणि चेहरा खुलला.

"हिंदुराव! येवढा मोठा हार? अन पाया पडताय? एका कागदासाठी?"

साहेब हुशार. घाम पुसत म्हणाले, "सत्कार तात्या, सत्कार! नव्या जमान्याचं पहिलं विवरणपत्र तुमचं!"

मी सुटकेचा श्वास सोडला. पण अर्धाच! कारण बाहेर ट्रॅक्टरची ट्रॉली थांबली. त्यातून कळस उतरलं. कळसमधली माणसं नव्हे, कळस! पुढं बानूबाई, हंबरडा फोडत.

"आवं, मला सोडून कसं ओ गेला!"

"कुठं गेलू?" तात्या दारात आले. "हितंच तर हाय! कोन गेलं गं?"

बानूबाईंचा हंबरडा अर्ध्यात थांबला. त्यांनी नवऱ्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि रडण्यापेक्षा मोठ्या आवाजात ओरडल्या, "तुमी! बारामतीच्या फळ्यावर लिवलंय म्हनं, झ्याक अक्षरात!"

सगळ्यांच्या माना माझ्याकडं वळल्या. झ्याक अक्षर तालुक्यात एकच.

"ताई," संजीवनी हळूच म्हणाली, "मी 'सरल' म्हणले हो. फॉर्म. प्रिंटरमधी कागद अडकला होता, त्यो निघाला. तात्या सहीला आले, अन कागदं चारच्या आत भरायची म्हणून उचलायला साहेबांना बोलीवलं."

आता तिनं तिथंच थांबायचं ना? पण माझ्या हातातले तीन कागद तिनं पाहिले. "हे काय, ताई?" मी काही बोलायच्या आत तिनं ते घेतले आणि आपल्या छापील पानाशेजारी ठेवले. बोट फिरवत खाली आली.

"तात्या! ताईंनी हातानं केलंय! एका रुपयाचा फरक न्हाय बगा!"

किती निर्मळपणे म्हणाली. तिच्या जागी मी असते तर? जाऊ द्या.

माझी मान जराशी वर आली. तात्यांनी कागद घेतला, डोळ्यांपासून लांब धरला आणि वाचला. "कै. जोतीराम." पुन्हा वाचला. मग बायकोकडं पाहून म्हणाले, "तुला वारस बी करून ठिवलंय." आणि पोट धरधरून हसायला लागले. ते हसले म्हणून कळस हसलं. बानूबाई मात्र हसल्या नाहीत. त्या मला म्हणाल्या, "जित्या माणसाच्या मरनाची हूल उठली की आविष्य वाढतं म्हंत्यात, बाई. पर पुन्यांदा वाढवू नगा."

"हिंदुराव," तात्या डोळे पुसत म्हणाले, "पाटीवर नाव ह्या पोरीचं टाका. सारजाताईची बेरीज एक नंबर हाय, पर बेरीज करता करता ती माणूस वजा करती. तिला बारामतीतच ठिवा. मधी पंधरा-सोळा कोस असल्यालं बरं!"

साहेबांनी मान हलवली. मीही हलवली. काय करणार?

"अन नाव सारजाताईच लिवंल," तात्या म्हणाले. "अक्षर झ्याक हाय तिचं."

रंगाचा डबा तात्यांच्याच दुकानातून आला. स्टूल संजीवनीनं धरलं, पेरूची फोडही तिनंच वर दिली. मी लिहायला लागले. 'संजीवनी'. चार अक्षरं. शेवटची 'नी' पाटीत मावेना. अर्धी वेलांटी बाहेर भिंतीवर गेली आणि अजून तिथंच आहे. येता-जाता लोक मला विचारतात, एवढ्या काटेकोर बाईचं हे असं कसं हो झालं?

पण एक लक्षात घ्या. ती काही बेरीज नव्हती. तो अंदाज होता.