धुरी सरांची हरकत

चहा घेणार का, असं विचारलं तर माणूस हो म्हणतो किंवा नको म्हणतो. धुरी सर म्हणायचे, "माझी एक उपसूचना आहे." मग चहाऐवजी कॉफी, किंवा आत्ताऐवजी मधल्या सुट्टीत, किंवा कपाऐवजी ग्लासात. उपसूचना मताला टाकली जायची, सर एकटेच हात वर करायचे, ती फेटाळली जायची, आणि मग ते निमूटपणे कपातला चहा प्यायचे. परळच्या आमच्या शाळेत ते मराठी शिकवायचे आणि मी चित्रकला. शिक्षक-खोलीत त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर मी उभी हयात काढली, तेव्हा हे ऐकीव सांगत नाही.

त्यांच्या खिशाला कायम लाल शाईचं पेन असायचं. आमच्या शिक्षक संघाचं पत्रक आलं की ते वाचायचे नाहीत, तपासायचे. ऱ्हस्व-दीर्घ सुधारायचे, दहापैकी गुण द्यायचे, 'मांडणी ठीक, विचार कच्चे' असा शेरा मारून ठाकूरद्वारच्या कचेरीत परत पाठवायचे. तिथे संघाचे अध्यक्ष देवस्थळी सर बसत. ते इतकी वर्षं अध्यक्ष होते की नव्या शिक्षकांना 'अध्यक्ष' हे त्यांचं आडनावच वाटायचं. बोलणं साखरेसारखं आणि कोणत्याही दुखण्यावर औषध एकच, "आपण निवेदन देऊ या." आमचे देवस्थळींशी संबंध उत्तम होते. धुरी सरांचे नव्हते, आणि याचा त्यांना अभिमान होता.

गिरणी संपाचं दुसरं वर्ष उजाडलं आणि आमचे वर्ग विरळ होऊ लागले. लालबाग-परळच्या चाळींतली बिऱ्हाडं गावी गेली, पोरं गेली, बाकं रिकामी झाली. पोरं कमी झाली की तुकडी बंद, आणि तुकडी बंद झाली की सर्वांत शेवटी नोकरीला लागलेला शिक्षक 'अतिरिक्त'. हा सरकारी शब्द. माणसाला जादा झालेल्या भाजीसारखं बाजूला काढायचं आणि वर त्याला शिव्या दिल्या असंही वाटू द्यायचं नाही. आमच्या शाळेत अतिरिक्त ठरणार होत्या नाईक बाई. यजमान गिरणीत, म्हणजे संपावर. घर चालत होतं ते बाईंच्या पगारावर.

देवस्थळींनी अर्थातच निवेदन दिलं.

"निवेदनानं काय होतंय? संघच बदलायला हवा," धुरी सर म्हणाले, आणि अध्यक्षपदाच्या निवडणुकीला उभे राहिले. ते दर निवडणुकीला उभे राहत आणि दर वेळी पडत. पण यंदा प्रत्येक शाळेत कुणी ना कुणी अतिरिक्त होणार होतं, त्यामुळे हवा होती. संघात विरोधी गट तीन. गिरगावचा 'जागृत गट', दादरचा 'निर्भय गट' आणि परळचा आमचा 'लढाऊ गट'. लढाऊ गटात आम्ही पाच जण होतो आणि त्यातले दोघे केवळ धुरी सर घरी येऊन बसतील या भीतीने लढाऊ झाले होते.

तिन्ही गटांची एकजुटीची सभा माझ्या चित्रकलेच्या वर्गात भरली. आघाडीचं नाव 'संयुक्त' असावं की 'एकत्रित', यावर दोन तास गेले. जागृत गट मध्येच झोपला. निर्भय गटाचे पुढारी बायको वाट बघत असेल म्हणून उठून गेले. शेवटी 'संयुक्त' ठरलं, तेव्हा आमच्याच गटातल्या एकाने आणलेलं प्रचाराचं पत्रक धुरी सरांनी उघडलं, 'एकाधीकारशाही' या शब्दाभोवती लाल गोल काढला आणि म्हणाले, "धि पहिली. हे असं छापलं तर मी उभा राहणार नाही."

"सर, उद्या वाटायचंय!"

"मग आज सुधारा."

पत्रक निघायला आठवडा लागला. तरीही आमच्या बाजूचं वारं फिरलं नाही. मतदानाच्या दिवशी लोक आमच्याकडे बघून हसत होते आणि देवस्थळींकडे बघणं टाळत होते. याहून चांगली खूण नसते.

आता घोटाळा सांगतो. मतपत्रिकेवर सूचना होती, 'पसंतीच्या उमेदवारासमोर फुली मारावी.' पण शिक्षकाच्या हाताला जन्मभराची सवय काय? बरोबर असेल त्याला टिक, चूक असेल त्याला फुली. देवस्थळींची माणसं जुनी, मुरलेली; त्यांनी सूचना वाचली. आमच्यातल्या पुष्कळांनी धुरी सरांसमोर छानपैकी टिक मारली आणि देवस्थळींसमोर, वर्षानुवर्षांचा राग काढत, जाडजूड फुली. टिक धरली गेली नाही. फुल्या सगळ्या मोजल्या गेल्या, देवस्थळींच्या नावे. माझी फुली तर इतकी सुरेख होती की मतमोजणीत तिचं कौतुक झालं म्हणतात.

देवस्थळी निवडून आले. आणि ती सूचना लिहिली होती कुणी? गेल्या निवडणुकीपर्यंत नियमात 'खूण करावी' असं होतं. 'खूण हा शब्द मोघम आहे, फुली म्हणा,' अशी उपसूचना धुरी सरांनी मांडली होती. हयातीत मंजूर झालेली त्यांची ती एकुलती एक उपसूचना.

पण सर खचले नाहीत. मतदाराचा हेतू स्पष्ट आहे, फेरमतदान घ्या, अशी चार पानी हरकत त्यांनी दाखल केली. निवडणूक अधिकारी एक निवृत्त मुख्याध्यापक होते, सरळ माणूस. मतपत्रिका बघून ते स्वतःच हसले होते. फेरमतदान होणार आणि धुरी सर येणार, हे ठाकूरद्वारच्या शिपायालाही कळून चुकलं होतं.

सुनावणीच्या दिवशी धुरी सर उभे राहिले, चष्मा पुसला आणि म्हणाले, "मी हरकत मागे घेतो." आणि खाली बसले. कारण विचारलं तर हरकतीची चार पानं घडी करून खिशात घातली.

त्यानंतर कोण काय म्हणालं ते विचारू नका. फितूर, विकला गेला, देवस्थळींनी खिशात घातला. नाईक बाईंची नोकरी मात्र राहिली. देवस्थळी म्हणे स्वतः शिक्षण खात्यात जाऊन बसले होते. बाईंनी धुरी सरांशी बोलणं सोडलं. मी शेजारी बसून जेवढ्यास तेवढं बोलायचो. सर उपसूचना मांडत राहिले. आता त्या फेटाळायचीही कुणाला गरज वाटत नव्हती.

पुढे गिरण्यांच्या जागी काचेच्या इमारती आल्या, सर निवृत्त झाले, आणि मग एक दिवस नाईक बाईही. निरोप समारंभाला पाहुणे देवस्थळी. बाई भाषणात रडल्या. "माझं घर उभं राहिलं ते अध्यक्षांमुळे," त्या म्हणाल्या. "आपले म्हणवणाऱ्यांनी तर ऐन वेळी पाठ फिरवली." शेवटच्या रांगेत बसलेले धुरी सर टाळ्या वाजवत होते.

चहाच्या वेळी देवस्थळी माझ्याजवळ आले. म्हातारपणाने साखर थोडी उतरली होती. "मला आज बोलवायला नको होतं हो," ते म्हणाले. "तो धुरी सुनावणीच्या आदल्या दिवशी माझ्याकडे आला होता. म्हणाला, फेरमतदानाला दोन महिने जातील, नाईक बाईंचा हुकूम सोमवारी निघतोय. तुम्ही तो थांबवा, मी हरकत सोडतो. मी म्हटलं, अध्यक्षपद सोडतोयस! तर म्हणाला, पण कुणाला सांगायचं नाही, एवढीच अट."

मी कप तसाच ठेवून धावलो. सर बसस्टॉपवर उभे होते.

"सर, निदान बाईंना तरी सांगायचं होतं!"

सर हळवे झाले की मालवणीत उतरायचे. "तिका माझो उपकार कित्याक?" ते म्हणाले. "अध्यक्षाचो उपकार अख्खो संघ घेता. कोणाक जड वाटणा नाय. माझो घेतल्यान असतो, तर रोज समोर बसान तिका माका चाय विचारूची लागली असती."

"आणि आम्ही इतकी वर्षं तुम्हाला काय काय म्हणालो!"

"म्हणतलास मां. तुमका खंय ठावक होता?"

लाज वाटत होती, ती आजही वाटते. कसाबसा म्हणालो, "सर, मला माफ करा."

"बस इली," ते म्हणाले, आणि माझ्या खांद्यावर हात टेकून चढले.