जाड तारांचं लाकूड

अशी जवळ ये बाई. दाराशी उभी राहून अर्धंमुर्धं ऐकतेस आणि घरी जाऊन भलतंच सांगतेस. बस इथं, पाय लांब कर. आमच्या आर्णीच्या गणबा मिस्त्रींबद्दल सांगते.

मिस्त्री लाकडाला कपाळ लावून उभे राहायचे. कुणाच्या घरी गेले की आधी चौकटीवर बोटाच्या पेरानं ठोकायचे, मग कपाळ टेकवायचे, आणि "बोलते" किंवा "मुकं हाये" असा निकाल द्यायचे. चहा त्यानंतर. एका लग्नात नवरदेव पाटावर बसणार, तेवढ्यात यांनी पाट उचलून कपाळाला लावला. "मुकं हाये," म्हणाले आणि पाट होता तिथं ठेवून जेवायला गेले.

माझं घर त्यांच्या कामाच्या छपराला लागून. मालक वारले त्या वर्षापासून मी शिलाई मशीन छपरातच मांडली. मी शिवायची नि बोलायची, ते रंधा मारायचे नि मान डोलवायचे. पुढं कपाशीनं दगा दिलेली वर्षं आली. नवा वखर, नवी तिफण, शेतीचं कुठलंच अवजार कुणी सांगेना. छपरात भुसा कमी आणि माझं बोलणंच जास्त पडायला लागलं.

त्याच दिवसांत माझी रत्ना भीमगीतांच्या पार्टीत बास वाजवायला लागली. बास म्हणजे ती चार जाड तारांची गिटार, जिचा आवाज जमिनीतून आल्यासारखा येतो. वाद्य दुसऱ्याचं होतं. तो पार्टी सोडून गेला, वाद्यही घेऊन गेला. पार्टीवाल्यांनी सांगितलं, आठ दिवसांनी यवतमाळला कार्यक्रम आहे, स्वतःचा बास आण, नाहीतर दुसरा वाजवणारा बघतो. रत्ना जेवेना. त्याच संध्याकाळी कुठून तरी एक मोडका बास घेऊन आली. तारा, खुंट्या, तारांखालचं आवाज उचलणारं पिकअप धड होतं. लाकूड मात्र वाळवीनं खाल्लेलं.

मिस्त्रींनी ते बघितलं आणि म्हणाले, "तारा जाड हाये, लाकूड बी दणकट लागन." वखराच्या खोडासाठी ठेवलेली बाभूळ काढली. तीन दिवस घडवली. रत्नानं गळ्यात अडकवली तर पोरगी कमरेत वाकली. मिस्त्री चारी बाजूंनी फिरून बघत राहिले. मग शांतपणे म्हणाले, "याले बैलजोडी लागन."

उरले पाच दिवस. मग त्यांनी फळ्यांची परीक्षाच घेतली. माझ्या जुन्या लुगड्याच्या पट्टीनं एकेक फळी रत्नाच्या गळ्यात बांधायची आणि तिला गल्लीच्या टोकापर्यंत चालायला लावायचं. शेजारणी मला विचारायच्या, पोरीला कसली शिक्षा दिली. पार्टीतला कीबोर्डवाला आला, म्हणाला, मिस्त्री, हे करंटवर वाजतं, लाकूड कुठलंही चालतं. मिस्त्रींनी त्याला चहासुद्धा विचारला नाही.

वाद्याच्या अंगासाठी सागवान बाद झालं. "लय शहाणं हाये. तारेले बोलूच देत नाही." शेवटी शिवणीच्या झाडाचं लाकूड ठरलं, हलकं नि पिवळसर. मानेला मात्र सरळ रेषांचं सागवानच, आणि बोटं फिरतात त्या पट्टीला काळं शिसम. सातव्या दिवशी दुपारी छपरात तारा चढल्या. स्पीकर जोडला. रत्नानं सगळ्यात जाड तार छेडली.

मिस्त्रींनी वाद्याच्या अंगावर तळहात ठेवला. तार थांबली तसे म्हणाले, "थांबू नको, माय. वाजव."

त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मी विचारलं, काय झालं. त्यांनी माझ्या तोंडाकडं बघितलं. "लाकूड चिरनाऱ्या आरा मशीनच्या आवाजानं कान कवाच खाल्ले माह्ये. लाकडाचं कपाळात समजते, तेवढंच. माणसाचं काईच नाही, तोंड पाहून अंदाज घेतो. हे मात्र छातीत आलं."

मी सुई खाली ठेवली. इतकी वर्षं मी या माणसाला मालकांचं दुखणं सांगितलं, सासरचं सगळं सांगितलं, जे सख्ख्या बहिणीला सांगितलं नाही तेही सांगितलं. राग आला मला. म्हटलं, ऐकूच येत नव्हतं तर मान कायले डोलवत होते?

त्यांनी रंध्याची धार अंगठ्यानं चाचपली. मग म्हणाले, "तुमाले कोनीतरी बसलेलं पाह्यजे होतं, रत्नाची माय. मलेबी."

रत्ना दुसऱ्या दिवशी यवतमाळला तो बास घेऊनच गेली, आणि आता पार्टीबरोबर गावोगावी फिरते. मी अजून छपरात शिवते. बोलणं कमी केलेलं नाही, फक्त मशीन फिरवून त्यांच्या समोर मांडली आहे. त्या माणसाचे उपकार मी कसे फेडू?

तर परत ये गं लवकर. रत्ना असेल तेव्हाच ये असं नाही, कधीही ये. मिस्त्रींशी बोलायचं झालं तर पदर तोंडावरून बाजूला घे आणि उजेडाकडं तोंड करून बस. त्यांना नवीन माणसाचं बोलणं बघायला फार आवडतं.