कर्णिककाकांची इटालियन

कर्णिककाकांकडे जाताना चपला बाहेर काढाव्या लागत आणि अंगठ्या दारात. ते वाटी पुढे करत. "काचेला ओरखडा जाईल. इटालियन आहे ती!" सत्यनारायणाला आलेल्या गुरुजींनीसुद्धा नवरत्नांची अंगठी मुकाट्याने वाटीत टाकलेली मी पाहिली आहे.

'ती' म्हणजे पिनबॉलचं जुनं यंत्र. ऐंशीच्या दशकात बदलापूरला, कुळगावात आम्ही शेजारी होतो. मी नुकताच नोकरीला लागलेलो, काका अंबरनाथच्या एका कारखान्यात फोरमन. उल्हासनगरच्या एका सिंधी भंगारवाल्याकडे त्यांना हे धूड सापडलं. चार पायांवर तिरकं टेबल, आत घंट्या, दिवे, पोलादी गोळी, आणि समोरच्या उभ्या काचेवर स्कूटरवर बसलेली रंगवलेली बाई. गोळी घरंगळत खाली आली की बाजूची बटणं दाबायची, आतल्या दोन पट्ट्या तिला वर उडवतात. एवढाच खेळ.

"साईं, लोहे के भाव ले जाओ, चलेगा नहीं," भंगारवाला म्हणाला होता. काकांनी दोन वर्षं खपून ते चालवलं. पट्ट्यांना लावायचं रबर मिळेना तेव्हा काकूंच्या कुकरची रिंग कापून बसवली. पण पाहुण्यांना बटणाला बोट लावू देत नसत. "लांबून बघा. छान दिसते."

एकदा मुंबईहून एक संग्राहक गाडी घेऊन आले. काचेवरची बाई पाहून हरखलेच. "अशी शाबूत काच मी पाहिली नाही हो! म्हणाल ते देतो."

काका म्हणाले, "चहा घ्या."

एका संध्याकाळी डबा परत द्यायला गेलो, तर आत घंट्या खणखणत होत्या. खेळत होत्या मालतीकाकू. मधुमेहाने त्यांची नजर पार गेली होती. काका मागे उभं राहून सांगत होते, "डावं... थांब... आता उजवं!" काकू बटण दाबत आणि खळखळून हसत. "अहो, जरा आधी सांगत जा की!" मी डबा पायरीवर ठेवून परतलो.

पुढल्या वर्षी काकू गेल्या. तेराव्यानंतर काकांनी स्वतःच संग्राहकांना पत्र टाकलं. टेम्पो आला. चार हमालांनी यंत्र वर चढवलं. काकांनी एवढंच विचारलं, "तुमच्याकडे खेळणार कोण?"

"छे! झाकून ठेवणार. खेळलं की झिजतं."

काका टेम्पोपाशी गेले. "मग उतरवा," म्हणाले.

संग्राहक चिडले, हमाल कुरकुरले, यंत्र पुन्हा घरात आलं. मी निघालो, तेव्हा काकांनी हाक मारली. "जरा खेळतोस का? मी सांगतो."

मी गोळी सोडली. ती मला लख्ख दिसत होती, कुठलं बटण कधी दाबायचं तेही कळत होतं. काका मागे नुसतेच उभे. सांगायला त्यांना काही उरलंच नव्हतं. मी डोळे मिटून घेतले.

"डावं," काका म्हणाले. "थांब... आता उजवं..."

गोळी खाली पडल्याचं मला ऐकू आलं. काका सांगतच राहिले.