बाबूजींची जर्मन आचारसंहिता

जर्मनीतल्या एका राज्यात निवडणूक जाहीर झाली आणि मध्य प्रदेशात, आमच्या बालाघाटच्या वॉर्डात आचारसंहिता लागली. लावणारे मेश्राम बाबूजी.

नालीवर नवा स्लॅब पडला होता. नारळ वॉर्डातल्या सगळ्यात ज्येष्ठ माणसाच्या हातून फोडायचा, असं ठरलं. बाबूजी इस्त्रीचा कुर्ता घालून आले आणि नारळ हातात द्यायच्या वेळेला दोन पावलं मागं सरकले.

"जमत नाई. आचारसंहिता लागली हाय."

"कुठं जी? इथं तर कोणतंच इलेक्शन नाही."

"जर्मनीत."

शेवटी पीठगिरणीवाल्या काकूनं नारळ फोडला. बाबूजी बाजूला उभे राहून कोणी भाषण तर देत नाही ना, ते बघत होते.

माझं कलेक्टर कचेरीसमोर झेरॉक्स-टायपिंगचं दुकान आहे. बाबूजी त्याच कचेरीत निवडणूक शाखेत बाबू होते. सगळी नोकरी मतदार याद्यांत गेली. उकवा गावाच्या पुढं जंगलातल्या मतदान केंद्रावर कोणत्या खोलीचं दार आतून लागत नाही, हे त्यांना अजून पाठ आहे. रिटायर झाले, पण शाखा अंगातून गेली नाही. लग्नाच्या जेवणात बाया-माणसांच्या वेगळ्या लाइनी लावतात. वॉर्डात नवी सून आली की आशीर्वादाच्या आधी विचारतात, "नाव जोडलं का?" मयतीच्या घरी थोडा वेळ गप्प बसतात आणि उठताना हळूच म्हणतात, "सवडीनं नाव कटवून घ्या." यावरून दोनदा शिव्या खाल्ल्यात. त्यांना त्याचं काही वाटत नाही. "यादी साफ पाहिजे," एवढंच म्हणतात.

असा माणूस ऱ्हाइन नदीकाठच्या इलेक्शनच्या मागं लागला, तेव्हा पहिली झळ माझ्या प्रिंटरला बसली. त्या राज्याचा नकाशा काढून दे, उमेदवारांचे फोटो काढून दे. जर्मन मजकूर मी मोबाइलवर हिंदीत करून द्यायचो. अर्ध्या वाक्यांचा अर्थ लागायचा नाही. पक्षांची नावं जिभेवर बसेनात, म्हणून बाबूजींनी स्वतःच बारसं केलं. वर्षानुवर्षं सत्तेत होती ती 'बसलेली पार्टी', आणि तिला हटवायला निघाली ती 'उठलेली पार्टी'.

"गजू, तिथं एका माणसाले दोन मतं असते. एक उमेदवाराले, एक पार्टीले."

"दोन?"

"हौ. आपल्याकडे कोणी दोन मतं टाकली तर जेलात जाते. तिथं नाई टाकली तर लोक विचारते, काहून नाई टाकलं?" आणि मग आवाज खाली करून, "शाई लावतच नाई बोटाले. कसं होते बापा त्याईचं!"

ही सगळी माहिती यायची त्यांच्या मुलीकडून. संघमित्रा तिथल्या एका दवाखान्यात नर्स आहे. दर शनिवारी दुपारी बाबूजी माझ्या दुकानाच्या वायफायवर तिला फोन लावायचे. कानानं कमी ऐकू येतं म्हणून स्पीकर चालू. त्यामुळं मलाही सगळं ऐकू यायचं.

"तुझ्या भागात कोणाचा जोर हाय?"

ती सांगायची. रस्त्यावर कोणाची पोस्टर जास्त आहेत, दवाखान्यातल्या म्हाताऱ्या पेशंट बाया काय बोलतात, बसवाले कोणावर चिडून आहेत. सांगता सांगता खुलायची, कधी हसायचीही. बाबूजी वहीत लिहून घ्यायचे. जेवलीस का, तब्येत कशी आहे, थंडी किती आहे, यातलं एक अक्षर नाही. मला नवल वाटायचं. हा बाप आहे का वार्ताहर?

निकाल लागला. सोमवारी सकाळी मी शटर उघडत होतो तर बाबूजी पायरीवर बसलेले.

"सरकार बदललं," ते म्हणाले. "उठलेली पार्टी आली."

बरोबर हेच ते महिनाभर सांगत होते. मी चहा मागवला. म्हटलं, बाबूजी, तुम्ही तर जिंकले. ते कपाकडं बघत राहिले. साय धरली तरी पिईनात.

"आता काय विचारू तिले, गजू?"

मला कळलं नाही.

"तिची माय गेली तेव्हा मीच नाई सांगतलं तिले," ते म्हणाले. "गोंदियाच्या दवाखान्यात भरती केलतं. पोरीची तिथं भाषेची परीक्षा होती. नापास झाली असती तर नोकरी गेली असती. म्हटलं, माय बरी होते, मग सांगू. माय बरी नाई झाली. पोरीले कळलं तेव्हा राखही वैनगंगेत गेलती." त्यांनी कप खाली ठेवला. "तेव्हापासून फोन केला तर 'बरी हाय' म्हणते अन् ठेवते. दोन वर्षं तेच. एक दिवस व्हिडिओ कॉलवर तिच्या मागं काही पोस्टर दिसलं, मी सहज विचारलं, हे कायचं? तर पोट्टी वीस मिनिटं बोलली. वीस मिनिटं, गजू."

माझ्या तोंडातून निघून गेलं, "पण बाबूजी, मंत्रिमंडळ कुठं बनलंय अजून?"

त्यांनी मान वर केली. "हौ. युती व्हायची हाय. बोलणी चालते हप्तेच्या हप्ते."

त्या बोलण्यांवर त्यांनी आणखी काही शनिवार काढले. कोणतं खातं कोणाला, कोण रुसलं, करारात काय लिहिलं. मला त्या राज्यातल्या शेतीखात्याचीसुद्धा काळजी वाटायला लागली. शेवटी शपथविधी झाला. पुढच्या शनिवारी बाबूजी आले, पण वही आणली नव्हती. फोन लावला.

"हां बाबा."

"हौ."

"झालं ना तुमचं सरकार?"

"झालं."

फोन कट झाला असेल म्हणून मी डोकावलो, चालू होता. बाबूजींचं बोट लाल बटनाकडं गेलं, तेवढ्यात तिकडून आवाज आला.

"बाबा, आई किती दिवस होती दवाखान्यात?"

बाबूजींनी माझ्याकडं पाहिलं. मी मान खाली घातली.

"नऊ दिवस."

"नऊ," ती म्हणाली. "मी दोन दिवसांत पोचले असते."

"हौ. पोचली असती."

"मग सांगा. पहिल्या दिवसापासून सांगा."

बाबूजींनी चष्मा काढला. सांगायला लागले. पहिल्या दिवशी खिडकीजवळची खाट मिळाली. दुसऱ्या दिवशी दोन चमचे पेज खाल्ली. तिसऱ्या दिवशी आईनं विचारलं, पोरीची परीक्षा झाली का. बाबूजींनी सांगितलं, झाली, पास झाली. संघमित्रा तिकडं रडत होती, पण मधे एकदाही बोलली नाही. बाबूजी थांबले की ती म्हणायची, "पुढं."

झेरॉक्सची मशीन घरघरत होती, ती मी बंद केली. बाबूजी चौथ्या दिवसावर आले तेव्हा एक गिऱ्हाईक कागद घेऊन दारात आलं. मी हातानंच त्याला नंतर ये म्हटलं आणि शटर अर्धं खाली ओढलं.