पट्टीवहिनीचं तीर्थव्रत

एका जंगलात प्राण्यांनी बांधलेलं एक दगडी देऊळ होतं, बाळांनो. त्याच्या भिंतीत पट्टीवहिनी राहायची. पट्टीवहिनी म्हणजे दोन्ही टोकं वाकवलेली लोखंडाची पट्टी. एक पाय थोरल्या दगडात, एक धाकट्यात. दोघा भावांना धरून ठेवायचं, एवढाच तिचा संसार.

तिच्या भोवती शिसेआत्या. बांधतानाच त्यांना वितळवून दगडांच्या खाचेत ओतलं होतं. शेजारून हत्ती गेले की भिंत हले. आत्या जरा दबत, वहिनी जराशी वाके, आणि सगळे पुन्हा आपापल्या जागी.

पण वहिनी पडली धार्मिक. आपण वाकतो याची तिला लाज वाटे. 'दोघे भावजी जन्मभर एकत्र राहोत' म्हणून तिनं व्रत धरलं. पोटात काही घ्यायचं नाही. फक्त देवाचं तीर्थ.

"आत्या, सरका ना जरा. अभिषेकाचं पाणी माझ्यापर्यंत पोचतच नाही."

"अगं, ते अडवायलाच तर मला इथं बसवलंय!"

"म्हणजे माझ्या पुण्याच्या आड येणार तुम्ही?"

आत्या स्वभावानं मऊ. सरकल्या बिचाऱ्या.

तीर्थ आलं. वहिनीच्या अंगावर गंजाचा तांबूस रंग चढला. तिला वाटलं, तेज आलं. मग ती हळूहळू फुगायला लागली.

छताला लटकलेलं वटवाघूळ म्हणालं, "वहिनी, नुसतं पाणीच ना? की आत शेंगदाण्याचे लाडू लपवलेत?"

"इश्श! पुण्य साठतंय ते."

"वहिनी, पाय जरा आखडते घ्या हो," थोरला कण्हला. "खाच पुरेना. छाती फुटेल माझी."

"तुमच्यासाठीच चाललंय ना सगळं, भावजी! थोडी कळ सोसा. उद्यापन झालं की उतरेल."

उद्यापनाच्या प्रसादाला हत्ती सहकुटुंब आले. भिंत हलली. आत्या बाजूला सरकलेल्या, आणि फुगलेल्या वहिनीला वाकताच येईना. कडाड! दोन्ही दगड चिरले. देवळाचा कोपरा खाली आला.

सगळे धावले. ढिगाऱ्यात वहिनी पडलेली. एका पायात थोरल्याचा टवका, दुसऱ्यात धाकट्याचा.

"बघा," ती धापा टाकत म्हणाली, "सोडलं नाही हो मी कुणाला!"

प्राण्यांचे डोळे भरून आले. त्यांनी नवा पार बांधला. थोरल्या-धाकट्याचे तुकडे पाराखाली भरावाला टाकले. वर वहिनीला उभं करून हळदकुंकू वाहिलं.

वहिनीनं हात जोडले. "दोघे भावजी एकत्र राहिले! फळलं माझं व्रत."

आणि शिसेआत्या? त्यांनी ऐन वेळी जागा सोडली, असं सगळ्या जंगलात बोललं गेलं.

तात्पर्य: उपवासानं अंग वाढलं, तर ते पुण्य समजावं. आजूबाजूला तडे गेले, तर दगडच कच्चे होते म्हणावं, आणि मोठ्या आशेनं पुढचं व्रत धरावं. परवा चतुर्थी आहे. साबुदाणा आणलाय.