बाईंची नऊ आकडी संख्या

नाना सावे माणसाचं नाव विचारायचे नाहीत, बिल्ला नंबर विचारायचे. तारापूरच्या एका कारखान्यात मी स्टोअरला लागलो, तेव्हा पहिल्याच दिवशी त्यांनी माझा बिल्ला हातात धरून वाचला. "तीनशे सत्त्याण्णव. मूळ संख्या! एकानं भाग जातो, नायतर स्वतःनं. तिसरं कोणी नाय." माझं लग्न ठरत नव्हतं. मला ते चांगलंच लागलं.

एकदा कँटीनमध्ये दोन कामगार हातघाईवर आले. "नाना, इसने मेरा डब्बा खाया!" नानांनी दोघांचे बिल्ले पाहिले आणि टाळीच वाजवली. दोनशे वीस आणि दोनशे चौऱ्याऐंशी! "अरे, तुम तो मित्रसंख्या है! इसको भागनेवाले सब आकडे मिळाओ, खुद को छोडके, तो वो आता है. उसके मिळाओ, तो ये!" कोणाला काही कळलं नाही, पण त्या गोंधळात भांडण विरून गेलं.

ही विद्या खरी त्यांच्या बायकोची. काकू चिंचणीला शाळेत गणित शिकवायच्या. सगळं गाव त्यांना 'बाई' म्हणायचं, म्हणून नानाही बाईच म्हणत. नाना निवृत्त झाले त्याच वर्षी बाईंना पक्षाघाताचा झटका आला. वाचा गेली, उजवा हात गेला. कित्येक महिन्यांनी त्यांनी डाव्या हातानं पाटीवर पहिल्यांदा काही लिहिलं, ते नऊ आकडे होते: ८२९३४८९५१. कशाचे, ते त्यांना सांगता येईना.

"बाई, मूळ हाय का बघूया?" नानांनी विचारलं. बाईंनी होकारार्थी मान हलवली.

तेव्हापासून रोज दुपारच्या चहानंतर एक मूळ संख्या, दोनापासून ओळीनं. नाना वाचून दाखवायचे, बाई पाटीवर तिनं त्या मोठ्या आकड्याला भागून पाहायच्या. तासभर लागायचा. बाकी उरली की नाना खूश. "चला, उद्या पुढचा!" तीन वर्षं हे चाललं होतं. अलीकडे मात्र बाईंचा हात फार कापायला लागला होता.

गेल्या महिन्यात मी भेटायला गेलो, तेव्हा ७९०७ नुकताच झाला होता. नाना मला बस थांब्यापर्यंत सोडायला आले. मी उगाच हुशारी दाखवायला तो मोठा आकडा मोबाईलवर घातला.

"नाना, मूळ नाही हो ही! ७९१९ नं भाग जातो."

"म्हणजे उद्याच. ७९०७ च्या पुढची मूळ संख्या तीच," नाना म्हणाले. "आमी दोघं दुसरं काय बोलत नाय रे. डॉक्टर म्हणतात, किती दिवस ते सांगता येत नाय. मला वाटलेलं, हा आकडा पुरेल."

दुसऱ्या दिवशी माफी मागायला म्हणून मी परत चिंचणीला गेलो. बाई मांडीवर पाटी घेऊन तयार होत्या. नानांनी मूळ संख्यांची वही उघडली. सगळी यादी बाईंच्याच जुन्या, वळणदार अक्षरातली. नानांनी घसा खाकरला.

"आज... सात हजार नऊशे सत्तावीस."

पेन्सिल थांबली. बाईंनी मान वर केली. नाना वहीत डोकं खुपसून बसले होते. या माणसानं उभ्या जन्मात मधला एक आकडा गाळला नव्हता. बाई त्यांच्याकडे नुसत्या पाहत राहिल्या. मग पदरानं पाटी पुसली आणि कापत्या हातानं, सावकाश, ७९२७ लिहिलं.