सतरा नंबरला दिलेला शब्द

रविवारी भेटायला आलेली चार वर्षांची मुलगी ‘येते’ म्हणून गेली आणि सोमवारी आली नाही, म्हणून कला संग्रहालयातल्या सतरा नंबरच्या शिल्पाने कलाकृती म्हणून काम करणं बंद केलं. तसं लेखी पत्र गुरुवारी सकाळी आण्णाप्पा मगदुमांच्या घरी आलं.

आण्णाप्पा चौथी शिकलेले. इचलकरंजीत चाळीस वर्षं त्यांनी यंत्रमाग दुरुस्त केले. बंद पडलेला माग ते हात लावण्याआधी आवाजावरून ओळखायचे. आलेलं पत्र दुसऱ्याकडून वाचून घ्यायचं नाही, हा त्यांचा नेम होता. त्यांनी उभ्यानंच एकेक अक्षर लावलं. ‘सदर बालिकेने दिलेला शब्द पाळलेला नाही’ या ओळीवर त्यांचं बोट थांबलं, आणि बराच वेळ तिथेच राहिलं.

“सनू, चप्पल घाल,” ते म्हणाले.

“कुठं जायचं, आज्जा?”

“बोलीवलंय.”

“कुणी?”

“तुझ्या म्हशीनं.”

रविवारी ते सन्मतीला, म्हणजे सनूला, घेऊन कला संग्रहालयात गेले ते बालवाडीच्या बाईंनी सांगितलं म्हणून. मुलांना नवीन कला दाखवा, असं बाई म्हणाल्या होत्या. आण्णाप्पा हात मागे बांधून दालनांतून फिरले. पहिल्या दालनात एक मोठं, कोरं, पांढरं कापड ताणून लावलं होतं. त्यांनी पहारेकऱ्याला विचारलं, “रंग द्यायचा ऱ्हायलाय का?” तो म्हणाला, “नाही, पूर्ण झालंय.” आण्णाप्पांनी मान हलवली. करणारा म्हणतो झालं, तर झालं. दुसऱ्या दालनात पडद्यावर एक माणूस दोन तास कांदा सोलत होता. सनू त्याच्यासमोर मांडी घालून बसली आणि शेवटी म्हणाली, “ह्याला भाकरी कोण देत न्हाई का?”

तिसऱ्या दालनात सतरा नंबर होतं. सिमेंटचं, अकराशे किलोचं, नाव ‘अनिर्णय – तीन’. शेजारी पाटी होती : हात लावू नये.

“पाय लावला तर चालतो का?” सनूने विचारलं.

“न्हाई.”

“आज्जा, म्हस बसलीय.”

आण्णाप्पांनी बघितलं. बसली होती खरी.

निघताना सनू शिल्पाला म्हणाली, “जाते मी.” आण्णाप्पांनी तिला तिथल्या तिथे थांबवलं. “जाते म्हनू नये. येते म्हनावं.” त्यांच्या घरात ‘जाते’ हा शब्द चालत नव्हता. त्यांच्या बायकोने, पद्मावतीने, दवाखान्याला निघताना गडबडीत एकदाच ‘जाते’ म्हटलं होतं, आणि ती परत आली नाही. सनू वळली आणि नीट म्हणाली, “येते हं.” सतरा नंबरने ते ऐकलं आणि खरं मानलं.

संग्रहालयाच्या दारातच कुलथेबाई भेटल्या. नोंदणी अधिकारी म्हणून त्या अकरा वर्षं तिथे होत्या आणि कुठल्याही कलाकृतीविषयी आवाज न चढवता बोलत.

“सोमवारी वाट बघितली,” त्या म्हणाल्या. “सोमवारी आम्हाला सुट्टी असते, तरी बघितली. मंगळवारी शाळेची सहल आली, तर मुलांना तिथे नुसतं सिमेंट दिसलं. एकालाही काही वाटलं नाही. काल तर पहारेकऱ्याने त्यावर डबा ठेवला.”

“त्यात पोरीचा काय दोष?”

“शब्द तिचा आहे, मगदूम. शिवाय आज पाच वाजता ते नागपूरच्या प्रदर्शनाला रवाना व्हायचंय. ट्रक उभा आहे. पण उचलत नाही.”

हमालांचा मुकादम हैदर भिंतीला टेकून बसला होता. तो म्हणाला, “चाचा, अकराशे किलो आमाला नवीन न्हाई. आणताना सहा जणांनी हसत आणलं. पन आता हे बसून ऱ्हायलंय. ठेवलेलं वजन वेगळं आनि बसलेलं जनावर वेगळं.”

सनू दालनात गेली. शिल्पासमोर उभी राहून म्हणाली, “आले की गं.”

सतरा नंबर लगेच कामाला लागलं. कोपऱ्यातून चाललेल्या कॉलेजच्या दोन मुली थांबल्या आणि मान तिरकी करून बघत राहिल्या. कुलथेबाईंनी वहीत वेळ टिपली. हैदरने शीळ घातली, सहा जणांनी पट्टे टाकले, आणि शिल्प वीतभर वर आलं.

“चला, झालं काम,” आण्णाप्पा म्हणाले. “सनू, चल घरी.”

सनूला वळण चांगलं होतं. दारातून मागे वळून ती म्हणाली, “म्हशी, येते हं.”

शिल्प धपकन खाली बसलं. हैदरने पाय मागे घेतला म्हणून अंगठा वाचला.

“अगं माझे आई,” तो म्हणाला, “गप बसून न्हाई का जाता येत?”

“न बोलता जाऊन चालत नाही,” कुलथेबाई म्हणाल्या. “गेल्या वर्षी एक गृहस्थ तसेच निघून गेले. नऊ नंबरने तीन आठवडे भिंतीकडे तोंड केलं होतं. उपाय एकच. मुलीने स्पष्ट ‘जाते’ म्हणावं. एक शब्द. मी लिहून घेते आणि विषय संपतो.”

“न्हाई,” आण्णाप्पा म्हणाले.

“मगदूम, सरकारी काम आहे.”

“असंल. त्यो शब्द तिच्या तोंडातनं निघनार न्हाई.”

“मग पत्रातली नोंद कायम राहील. शब्द पाळला नाही, असं तिच्या नावावर.”

आण्णाप्पांच्या जबड्याचं हाड हललं. मगदुमांच्या घरातल्या कुणाविषयी तसं आजवर कुणी बोललं नव्हतं, लिहिणं तर लांबच. सनूने एकदा त्यांच्याकडे, एकदा बाईंकडे, एकदा ताटकळलेल्या हमालांकडे बघितलं. तिला सगळ्यांची दया आली.

“आज्जा, मी म्हनू का? लगीच म्हनते. जा—”

आण्णाप्पांनी तिच्या तोंडावर हात ठेवला. तो त्यांनी जरा जास्तच घट्ट धरला. सनूने तक्रार केली नाही.

मग ते पहारेकऱ्याच्या स्टुलावर बसले आणि सतरा नंबरकडे बंद मागाकडे बघावं तसं बघत राहिले. मागाच्या बाबतीत पोरं नेहमी तुटलेल्या धाग्यापाशी धडपडायची. आण्णाप्पा आधी बघायचे की फिरायचं कुणी होतं आणि थांबलं कोण. साडेचार वाजले. ट्रकवाल्याने बाहेर दोनदा हॉर्न दिला.

“बाई,” ते म्हणाले, “नागपूरला कोन चाललंय?”

“म्हणजे?”

“ही पोरगी चाललीय का?”

“नाही. शिल्प चाललंय.”

“मग ‘येते’ कुनी म्हनायचं?”

कुलथेबाईंनी नियमावली काढली. एक पान दोनदा वाचलं, चष्मा काढला, पुसला आणि तिसऱ्यांदा वाचलं.

“जाणाऱ्याने,” त्या म्हणाल्या.

“मग आमी काय बोलायचं कामच न्हाई. आमी निरोप द्यायला आलोय. चूक तुमच्या पत्रात हाय. ती ओळ खोडा.”

कुलथेबाई प्रामाणिक बाई होत्या. त्यांनी लाल शाईने ती ओळ खोडली आणि बाजूला सही केली. आण्णाप्पांनी खोडलेलं अक्षर अक्षर लावून तपासलं, मग कागदाची घडी खिशात ठेवली.

एक अडचण मात्र उरली. शिल्पाने ‘येतं’ म्हणावं की ‘येते’, याचा नियमावलीत उल्लेख नव्हता.

“नोंदवहीत ते नपुंसकलिंगी आहे,” बाई म्हणाल्या. “‘येतं’ म्हणायला हवं.”

“पोरगी म्हस म्हनते.”

“दफ्तरात म्हैस नाही.”

“दफ्तराला कुनी ‘येते’ म्हटलं न्हवतं,” आण्णाप्पा म्हणाले.

हे बाईंना पटलं. त्यांनी रकान्यात ‘स्त्रीलिंगी (निरोपापुरतं)’ असं लिहिलं. शिल्पाला तोंड नव्हतं, पण तोंड असावं अशी अटही कुठे नव्हती. पाच वाजायला सात मिनिटं असताना, ओलं पोतं फरशीवरून ओढावं तशा आवाजात सतरा नंबर म्हणालं, “येते.”

“सावकाश ये हं,” सनू म्हणाली.

हैदरच्या माणसांनी शिल्प उचललं आणि तेवढ्या वजनाचंच काहीतरी नेताना माणसं जसं चालतात, तसं चालत ट्रकपर्यंत नेलं. एकाने वाटेत तंबाखूसुद्धा मागितली.

ट्रक गेल्यावर कुलथेबाईंनी एक फॉर्म पुढे केला. “ते तुमच्या नातीला ‘येते’ म्हणालंय,” त्या म्हणाल्या, “तेव्हा नागपूरहून ते तुमच्याकडेच येणार. इथे पत्ता लिहा. प्रदर्शन दिवाळीपर्यंत आहे.”

आण्णाप्पांनी पत्ता स्वतः लिहिला. गल्लीचं नाव लिहायला वेळ लागला. बाई थांबल्या.

संध्याकाळी त्यांचा मुलगा भरत कारखान्यातून आला, तेव्हा आण्णाप्पा ओसरीवर वीत टाकून जागा मोजत होते. सनू शेजारी बसून विती मोजत होती. तिला दहापर्यंत येत होतं, त्यामुळे ती दहा झाले की परत एकपासून सुरू करत होती.

“आण्णा, तिथं मी गाडी लावतो की,” भरत म्हणाला.

“उद्यापासनं गल्लीत लाव.”

भरतने सगळी हकीकत ऐकून घेतली. हेल्मेट काढून खुंटीला अडकवलं. फरशी अकराशे किलो पेलेल का, ते टाचेने ठोकून बघितलं. पेलेल असं वाटलं.

“राहणार किती दिवस?” त्याने विचारलं.

“पावण्याला असं इचारत नसतात,” आण्णाप्पा म्हणाले, आणि पुढची वीत टाकली.